वाऱ्याच्या खालच्या अंगाला

लघाटेसाहेब ज्या दिवशी डाळीच्या पिठाने आंघोळ करत, त्या दिवशी भोपाळच्या बरखेड्यातल्या आमच्या गल्लीला कळत असे की आज कुठल्या तरी विहिरीची किंवा जमिनीची तपासणी आहे. एरवी ते चारचौघांसारखा साबण वापरत. पण नमुना घ्यायच्या दिवशी साबण नाही, डोक्याला तेल नाही, दाढी नाही, उदबत्तीच्या खोलीत बसणं नाही. स्कूटर तर बाहेर निघतच नसे. पेट्रोलचा वास बोटांना लागतो, बोटांचा बाटलीला लागतो, आणि मग प्रयोगशाळा म्हणते की विहिरीत पेट्रोल आहे. म्हणून सायकल. विमलकाकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, खिडकीतून सांगत, "आज आमच्याकडे भजी नाहीत हो. पीठ अंगाला लागलंय."

थंडीच्या सकाळी आमच्या वसाहतीत धुकं इतकं उतरतं की समोरची क्वार्टर्स फक्त आठवणीवर दिसतात. त्या धुक्यात दाढी वाढलेले, पिठाचा पिवळसर माग कानामागे राहिलेले लघाटेसाहेब सायकलवरून जाताना दिसत आणि मग दिसेनासे होत. घंटी मात्र बराच वेळ ऐकू यायची. मला आजही ते आठवले की आधी घंटी ऐकू येते आणि मग चेहरा.

ते मूळचे ग्वाल्हेरचे. पाणी तपासणाऱ्या एका सरकारी खात्यात त्यांनी सगळी नोकरी काढली, जिल्ह्यातल्या विहिरी आणि हापसे त्यांना पाहुण्या-रावळ्यांसारखे नावानिशी माहीत होते. उंच, किंचित पोक आलेले, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न पाहता त्याच्या पायाखालच्या जमिनीकडे पाहणारे. नवख्या माणसाला वाटे की आपलं काही पडलं आहे. वडिलांकडून त्यांच्याकडे एक पितळी यंत्र आलं होतं, खिशातल्या घड्याळाहून जरासं मोठं. हवेचा दाब दाखवणारं. ते त्याला नुसतं 'काटा' म्हणत. कोणी किती वाजले विचारलं तर हातातलं घड्याळ सोडून आधी काटा बघत आणि म्हणत, "वाजलेत नऊ, पण उतरतोय."

त्यांची म्हणून काही वाक्यं होती. 'साचलेलं पाणी खोटं बोलतं' हे त्यातलं पहिलं. बोअरच्या नळीत कित्येक दिवस उभं राहिलेलं पाणी बाटलीत भरून त्याला नमुना म्हणणाऱ्या माणसाशी ते बोलणं टाकत. आधी ते पाणी उपसून टाकायचं, खालचं ताजं पाणी वर येऊ द्यायचं, आणि त्याचं तापमान एका जागी ठरलं की मगच बाटली पुढे करायची. माणसांच्या बाबतीतही त्यांची हीच पद्धत असावी. आमच्या मराठी मंडळातला कोणी बोलू लागला की पहिली दहा मिनिटं ते त्याला नुसतं वाहू देत.

बिट्टन मार्केटच्या हाटात ते भाजी घ्यायला जात तेव्हा मी एकदोनदा बरोबर होते. पालकाची जुडी उचलून त्यांनी भाजीवाल्याला विचारलं, हा कुठल्या विहिरीवरचा? भाजीवाला म्हणाला, "बाबूजी, पालक का भाव बता दूँगा. कुएँ की जन्मपत्री मैं नहीं रखता." साहेबांना राग आला नाही. त्यांनी त्याच्या गावाचं नाव विचारलं, थोडा विचार केला, आणि त्या गावच्या तिन्ही विहिरींची जन्मपत्री त्यालाच सांगितली. पुढच्या आठवड्यापासून तो भाजीवाला साहेबांना दुरून पाहिलं की आपणहून ओरडायचा, "नाले का नहीं है, बाबूजी."

मी आमच्या मराठी मंडळाच्या शाळेत ग्रंथपाल होते आणि अक्षर बरं असल्याच्या गुन्ह्याबद्दल मंडळाच्या सभांचं इतिवृत्तही मलाच लिहावं लागे. इतिवृत्त ही मोठी सभ्य गोष्ट आहे. त्यात भांडणाला 'सविस्तर चर्चा' म्हणतात, आणि कोणी तावातावाने उठून गेला तर तो 'अन्य कार्यबाहुल्यामुळे' गेलेला असतो. लघाटेसाहेब मला नावाने कधी हाक मारत नसत. 'ग्रंथपालबाई' म्हणत, आणि तेही असं की जणू ती पदवी मला एखाद्या विद्यापीठाने दिली आहे.

विमलकाकूंनी आमच्या शाळेच्या बालवर्गात तीस एक वर्षं शिकवलं. भोपाळातल्या निम्म्या मराठी घरांतल्या माणसांना अक्षरओळख त्यांनी करून दिली असेल. त्या गेल्या तेव्हा मंडळाने ठराव केला की बालवर्गासाठी नवी इमारत बांधायची आणि तिला त्यांचं नाव द्यायचं. जमीन अशोका गार्डन वस्तीच्या बाजूला मिळाली. तिथे पूर्वी कसलासा छोटा कारखाना होता. तो बंद पडून, मोडून, त्याच्यावर बाभळी उगवून एक पिढी झाली होती आणि त्याचं नाव कुणालाच आठवत नव्हतं.

इमारत भराभर उभी राहिली, कारण आमचे अध्यक्ष दादासाहेब यांना वसंतपंचमीला उद्घाटन हवं होतं. दादासाहेब तसे वाईट नव्हते. त्यांना फक्त प्रत्येक गोष्ट घडण्याआधी तिचा फोटो दिसत असे. कोनशिला तर भिंतीला गिलावा होण्याआधीच कोरून आली होती. तिच्यावर तिथी, वार, पाहुण्यांचं नाव, त्याखाली दादासाहेबांचं, आणि सर्वांत वर मोठ्या अक्षरांत 'सौ. विमलताई लघाटे बालवर्ग'. लघाटेसाहेब ती शिला पाहायला एकटेच आले होते. बराच वेळ उभे होते. मग मला म्हणाले, "काकू गेल्या तरी दगडावर सौ. राहिल्या. बरं झालं." ग्रंथपालाला गप्प बसायची सवय असते.

नियमाप्रमाणे बोअरचं पाणी तपासायचं होतं, ते काम अर्थातच साहेबांकडे आलं. त्यांनी सभेत सांगितलं की पाणी तपासतो, पण जागा जुन्या कारखान्याची आहे, तर जमिनीतली हवाही तपासली पाहिजे. वाफ होणारं काही खाली मुरलं असेल तर ते मातीतून वर येतं आणि बंद खोलीत साठतं. मोठी माणसं ये-जा करतात; बालवर्ग जमिनीवर बसतो, जमिनीवर लोळतो, दुपारी जमिनीवर झोपतो. तो त्या हवेच्या सगळ्यांत जवळ असतो.

भोपाळात असा विषय निघाला की माणसं क्षणभर गप्प होतात आणि मग उगाच मोठ्याने बोलू लागतात. इथल्या माणसाला त्याचं कारण विचारावं लागत नाही. सभेतही तसंच झालं. मग दादासाहेबांनी विचारलं की त्यासाठी काय करावं लागेल. फरशीला चार भोकं पाडावी लागतील, असं साहेब म्हणाले. नव्या कोऱ्या, कालच पॉलिश झालेल्या कोटा फरशीला. इतिवृत्तात 'सविस्तर चर्चा' असं आहे.

शेवटी भोकं मंजूर झाली, पण दादासाहेबांच्या एका अटीवर. शाळेचं कुठलंही काम मुहूर्ताशिवाय व्हायचं नाही. मंडळाच्या गुरुजींनी पंचांग पाहून तपासणीसाठी दिवस दिला आणि वेळही दिली, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. मला तेव्हाच वाटलं होतं की साहेब हसून नाही म्हणतील. दिवस निवडण्याबाबत त्यांचा स्वतःचा एक फार जुना नेम होता आणि तो त्यांनी मला वाचनालयात बसून कितीदा तरी सांगितला होता. जमीन श्वास घेते, ते म्हणत. हवेचा दाब चढला की वरची हवा मातीत शिरते, म्हणजे जमीन श्वास आत घेते. दाब उतरला की आतली हवा वर येते. नमुना घ्यायचा तो उच्छ्वासाचा. "आत श्वास ओढणाऱ्या माणसाच्या तोंडाला वास आहे का, हे कसं कळायचं?" म्हणून काटा उतरत असेल तेव्हाच नळी लावायची. दिवसाने, वाराने, कुणाच्या सोयीने नाही.

पण त्या दिवशी ते गुरुजींच्या पंचांगाला काही बोलले नाहीत. मान डोलावली.

तो दिवस फार सुंदर होता, हे मात्र कबूल केलं पाहिजे. निळं, काचेसारखं आकाश, कडक थंडी, ऊन असं की भिंतीला टेकून डोळे मिटावेत. सलीम मिस्त्री ड्रिल घेऊन आले होते. साठी ओलांडलेले, अशोका गार्डनमध्येच राहणारे, कमी बोलणारे. त्यांनी फरशीला चार बारीक भोकं पाडली, खाली पुरुषभर खोल. साहेबांनी त्यांत पातळ नळ्या सोडल्या आणि भोवती ओली, चिकट माती थापून तोंडं बंद केली. मग पिशवीतून पाच काचनळ्या काढल्या, आत कोळशाचे कण भरलेल्या. चार नमुन्यांसाठी, भोकाला एक. पाचवी नुसतीच यायची, उघडायची नाही आणि तशीच परत जायची. तिला ते साक्षीदार म्हणत. तिच्यात काही सापडलं तर दोष जमिनीचा नाही, आपला.

एवढ्यात दादासाहेब आले. समारंभाचा बंद गळ्याचा कोट घालून, कारण छायाचित्रकारही आला होता. कोट वर्षभर ट्रंकेत होता आणि त्याला डांबरगोळ्यांचा असा वास होता की तो दादासाहेबांच्या आधी दारातून आत आला. साहेब उठले. हात जोडले. बाहेर जाऊन मूठभर धूळ उडवून वारा कुठून कुठे जातो ते पाहिलं आणि अत्यंत अदबीने म्हणाले, "दादासाहेब, आपण तिकडे त्या कडुलिंबाखाली उभे राहा. चाळीस पावलं. वाऱ्याच्या खालच्या अंगाला."

"मी अध्यक्ष आहे, लघाटे."

"म्हणूनच सावलीत म्हटलं."

दादासाहेब गेले. मग तिथूनच त्यांनी पाहिलं की साहेब स्वतः मात्र नळीभोवती स्पिरिटचा बोळा ठेवताहेत, आणि ओरडून विचारलं की हा वास चालतो का? साहेब म्हणाले, हा आपला हेर आहे. वरची हवा नळीत चोरून शिरत असेल तर तिच्याबरोबर हाही आत जाईल आणि प्रयोगशाळेत पकडला जाईल. छायाचित्रात त्यामुळे साहेब गुडघ्यावर बसलेले आहेत, सलीम मिस्त्री त्यांच्याकडे पाहताहेत, आणि दूर झाडाखाली एक काळा कोट.

दहा वीसला त्यांनी काटा खिशातून काढला. मी दाराशी होते म्हणून मला दिसलं. त्यांनी पाहिला आणि परत खिशात ठेवला. मग नळी लावली.

अहवाल दहा दिवसांनी बाहेरगावच्या प्रयोगशाळेतून आला. पाणी स्वच्छ. जमिनीतली हवा स्वच्छ. साक्षीदार स्वच्छ, हेर पकडला गेला नाही. साहेबांनी 'जागा बालवर्गास योग्य' असं लिहून खाली सही केली, आणि मंडळात जिलेबी आली. मुहूर्त खरा ठरला होता. काहीच अशुभ निघालं नाही.

सही झाली त्याच्या चौथ्या दिवशी सलीम मिस्त्री फरशीची भोकं बुजवायला आले. साहेब तिथेच होते, मी बालवर्गाच्या पुस्तकांसाठी कपाटांची मापं घेत होते. काम संपल्यावर मिस्त्रींनी खिडकीतून मागच्या बाजूला बोट दाखवलं आणि सहज, जसं आपण एखाद्याचं जुनं घर दाखवतो तसं सांगितलं की उमेदीच्या काळात ते इथेच कामाला होते. मशीनचे भाग इथे एका पातळ रसायनात धुतले जायचे. सगळे त्याला 'ट्राय' म्हणायचे. काळं झालं की मागच्या खड्ड्यात ओतायचं. त्याला गोडसर वास यायचा, डोकं हलकं व्हायचं, आणि दुपारी सगळी पोरं त्या खड्ड्याजवळच डबा खायची कारण तिथे माशा येत नसत.

साहेबांनी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं?

"आप तो जाँच कर ही रहे थे, साहब. मैंने सोचा, मशीन बता देगी."

मिस्त्री सामान उचलून गेले. बाहेर आभाळ भरून येत होतं. आमच्याकडे ऐन थंडीत मावठा, म्हणजे हिवाळी पाऊस, येतो; आधी दोन दिवस हवा मऊ होते, आवाज जवळचे वाटतात, आणि तळ्याकडून येणारे पक्षी खालून उडतात. साहेब रिकाम्या वर्गाच्या मधोमध फरशीवर मांडी घालून बसले. काटा समोर ठेवला. मी मापं घेणं थांबवलं, पण निघूनही गेले नाही. तासभर तरी आम्ही तसे होतो. खोलीत नव्या चुन्याचा वास होता, खिडकीतून करडा उजेड येत होता आणि तो कोटाच्या निळसर फरशीवर पाण्यासारखा पसरला होता. मला एकदा वाटलं की ही खोली तळ्याच्या तळाशी आहे आणि आपण वर पाहिलं तर होड्यांची बुडं दिसतील. काटा उतरत होता. डोळ्यांना दिसत नव्हता, पण मध्येच नजर वळवून परत पाहिलं की केसभर खाली आलेला असे. साहेबांनी तळहात फरशीवर टेकला, झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

"सोडतेय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सभा बोलवायला लावली. उद्घाटनाला आठवडा होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. साहेब उभे राहिले आणि म्हणाले की मी माझी सही मागे घेतो. वर्ग उघडू नये. पुन्हा तपासणी करायची आहे, दाब उतरत असताना.

जे झालं ते सविस्तर चर्चेच्याही पुढचं होतं. कोणी म्हणालं की साहेबांचं वय झालं. कोणी म्हणालं की एकदा स्वच्छ आलेलं पुन्हा तपासणं म्हणजे जमिनीवर अविश्वास. गुरुजी बिचारे म्हणाले की मला शुभ दिवस मागितला, मी शुभ दिला. अशुभ काय निघेल ते पाहायचा दिवस कोणी मागितलाच नव्हता. हे त्या सभेतलं सर्वांत शास्त्रीय विधान होतं. दादासाहेबांनी मात्र, त्यांच्या स्वभावाला न शोभणाऱ्या हळुवारपणे, साहेबांना वाट काढून दिली. ते म्हणाले, लघाटे, वहिनींचं नाव आहे त्या दगडावर. आपण असं लिहू की तांत्रिक कारणाने नमुना सदोष झाला. कोणाचीच चूक नाही. तुमच्या नावाला डाग नको.

साहेबांनी थोडा वेळ दादासाहेबांच्या पायाखालच्या जमिनीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"ग्रंथपालबाई, लिहून घ्या. काटा पाहिला होता. चढलेला होता. पाहून खिशात ठेवला." आणि मग, मी लिहितेय की नाही याची वाट पाहून, "कारण मला तिथे हिचं नाव हवं होतं."

मी जसंच्या तसं लिहिलं. तोवरच्या सगळ्या इतिवृत्तांत मी लिहिलेलं ते एकमेव खरं वाक्य असावं.

दुसरी तपासणी मावठ्याच्या दुसऱ्या फेरीआधी झाली, एका मऊ, बिनसावलीच्या दुपारी. छायाचित्रकार नव्हता. मंडळातले जे आले ते भिंतीपाशी हाताची घडी घालून उभे राहिले. नुकती बुजवलेली भोकं सलीम मिस्त्रींनी पुन्हा उघडली. साहेबांनी नळ्या सोडल्या, माती थापली, हेर ठेवला, आणि काट्याकडे पाहत बसून राहिले. आम्हीही पाहत बसलो. एक वेळ अशी आली की भिंतीपाशी उभे असलेलेही खाली बसले आणि कोणीच बोलेना. पस्तीसेक माणसांचं सोडा, आमच्या मंडळाच्या पाच माणसांना एवढा वेळ गप्प बसलेलं मी पूर्वी पाहिलं नव्हतं. साहेबांनी एक बोट उचललं आणि नळी लावली.

अहवालात पाणी पुन्हा निर्दोष सुटलं, बोअर खोल होतं. हवा सुटली नाही. मिस्त्रींच्या गोड वासाचं रसायन चारांपैकी तीन भोकांत होतं आणि सर्वांत जास्त होतं ते मुलांच्या दुपारच्या झोपेसाठी राखलेल्या कोपऱ्यात.

वसंतपंचमी आली नि गेली. कोनशिला काढायला दादासाहेबांचा जीव होईना म्हणून तिच्यावर पडदा टाकला. बालवर्ग माझ्या वाचनालयात आला आणि शब्दकोशांच्या कपाटाखाली सतरंजीवर झोपू लागला. येता-जाता दिसणाऱ्या त्या पडद्यामागे कसला तरी देव आहे अशी मुलांची समजूत झाली आणि परीक्षेच्या दिवसांत मोठ्या वर्गांतलीही काही जण त्याच्या पाया पडू लागली. मी समजूत दूर केली नाही. त्या दगडावर काकूंचं नाव होतं, तेव्हा मुलांचं फारसं चुकत नव्हतं.

साहेब त्या काळात रोज त्या जागेवर असायचे. मागचा खड्डा शोधून काढून तिथली माती योग्य ठिकाणी पाठवली गेली. उरलेल्यासाठी त्यांनी फरशीखाली खडी आणि भोकं पाडलेल्या नळ्यांचं एक जाळं घालून घेतलं, त्यातून एक पाइप भिंतीतून थेट गच्चीवर नेला आणि वर एक लहान पंखा बसवला. जमिनीला श्वास सोडायचाच आहे, ते म्हणत, तिला आपण दुसरं नाक देऊ. दादासाहेबांनी विचारलं, हे किती दिवस? साहेब म्हणाले, जमिनीच्या दिवसांनी मोजा, आपल्या नको.

दोन हिवाळे गेले. दर वेळी काटा उतरला की नमुना, आणि दर वेळी आकडा आधीहून खाली. दुसऱ्या हिवाळ्यात साहेबच खाली आले. छातीचं दुखणं निघालं, दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच. शेवटचा नमुना राहिला होता. तो स्वच्छ आला तर पडदा निघणार होता. मावठ्याची चिन्हं दिसताच त्यांनी मला घरी बोलावून घेतलं. म्हणाले, नळी तुम्ही लावायची. मी म्हटलं, मला पुस्तकांखेरीज कशातलं काही कळत नाही. ते म्हणाले, "उत्तम. तुम्ही पान उलटायची घाई करत नाही."

त्या सकाळी मी डाळीच्या पिठाने आंघोळ केली. बसने जाता येईना, तिथे धूर. म्हणून चालत गेले. सलीम मिस्त्री आधीच आले होते. दादासाहेबही आले होते, आणि त्या गारठ्यात ते केवळ धुतलेल्या सुती सदऱ्यावर होते, दात वाजत होते, पण कोट घरी होता. कोणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळाने रिक्षा लांब रस्त्यावरच थांबवून साहेब उतरले. मी पुढे गेले तर त्यांनी हाताने थांबवलं. "जवळ नको. सकाळी नर्सने सुई दिली, छातीला मलम चोळलंय. सबंध दवाखाना अंगावर घेऊन आलोय." मग त्यांनी वाकून मूठभर धूळ उचलली, हवेत सोडली, ती कुठे जाते ते पाहिलं, आणि एकटेच वळून पावलं मोजत चालू लागले. मोजताना ओठ हलत होते. मध्ये एकदा थांबले, दम घेतला, पुन्हा तिथूनच मोजू लागले.

अहवाल पुढे आला. साक्षीदारासकट सगळं स्वच्छ होतं. त्यावर सही दुसऱ्याची आहे, कारण तो यायच्या आधीच साहेब गेले होते. पडदा निघाला तेव्हा समारंभ झाला नाही. मुलं देव पाहायला मिळेल म्हणून गोळा झाली, आणि अक्षरं जोडून जोडून त्यांनी तो दगड वाचला. तिथी चुकीची आहे, ती कोणी बदलली नाही.

पण त्या सकाळी हे काही माहीत नव्हतं. मी फरशीवर गुडघे टेकून बसले होते, हातात काचनळी होती, बाहेर धुकं उतरत होतं आणि उघड्या दारातून दूर तो कडुलिंब दिसत होता. त्याच्याखाली, चाळीस पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, साहेब उभे होते. एका हातात काटा, डोळे काट्यावर, दुसरा हात वर केलेला: थांबा. धुकं दाटलं तसे आधी त्यांचे पाय गेले, मग झाड गेलं, मग चेहरा. हात तेवढा बराच वेळ दिसत होता. तो खाली आला तेव्हा मी नळी लावली.